यंत्राचें माप आणि माणसाचें माप



कापड दुकानांत मीटरनें घ्यावयाचें आणि शिंप्यानें तें इंचांनीं बेतावयाचें, ही आपल्या घरांतली नित्याची गोष्ट आहे. दोन मापांमधला दुवा आपण मनांतल्या मनांत जुळवितों. कारखान्यांतील संगणकचलित यंत्राला मात्र मन नाहीं. तेथें हा दुवा आज्ञावली लिहिणारानें जुळवावा लागतो, आणि तो कसा निसटतो तेंच आज सांगावयाचें आहे.

अशा यंत्राच्या मोटरीला मिलिमीटर म्हणजे काय हें ठाऊक नसतें. तिच्या आंसावर बारीक रेघांची एक चकती असते. समजा, रेघा एक हजार आहेत. प्रत्येक रेघेमागें चार मोजण्या निघतात, म्हणजे एका फेऱ्याला चार हजार. त्याच फेऱ्यांत स्क्रू टेबलाला पांच मिलिमीटर पुढें नेत असेल, तर एका मिलिमीटरला आठशें मोजण्या झाल्या, आणि एका मीटरला आठ लाख.

आतां टेबल कोठें आहे हें कारागिराला मिलिमीटरांत दाखवावयाचें आहे. एक मोजणी म्हणजे 0.00125 मिलिमीटर, म्हणून मोजण्यांना या अपूर्णांकानें गुणावें, असें कोणालाहि सुचेल. कागदावर तें बरोबरच आहे. परंतु कॅलिफोर्नियांतील गॅलिल कंपनीच्या नियंत्रकांत चलराशीच्या अपूर्णांकाला दोनच बाइटांची जागा असते. म्हणजे एकाचे 65,536 भाग, त्याहून बारीक कांहीं नाहीं. आपला अपूर्णांक या भागांनीं मोजला तर 81.92 भरतो. तो 82 धरला, तरी एका मीटरच्या ठिकाणीं आंकडा उमटतो 1000.98. टेबल अगदीं जागेवर आहे, चुकला आहे तो आंकडा. आणि कारागीर बिचारा आंकड्यावर विश्वासून टेबल मागें सारतो. जवळजवळ एक मिलिमीटर! भोंक भलतीकडे पडतें आणि तयार होत आलेला भाग भंगारांत जातो. उपाय इतका साधा कीं सांगावयास संकोच वाटतो: गुणूं नये, आठशेंनीं भागावें. आठशें ही संख्या त्या जागेंत बिनचूक मावते.

दुसरी खोड आंकडा दाखविण्याची. दशांशचिन्हाच्या डावीकडे किती घरें व उजवीकडे किती, हें लिहिणारा ठरवितो. त्यानें मूळ संख्या बदलत नाहीं, केवळ तिचा पोशाख बदलतो. पण डावीकडे तीनच घरें दिलीं आणि टेबल 1200 मिलिमीटरवर गेलें, तर हा नियंत्रक सगळ्या घरांत नऊ मांडतो: 999.99. जागा अपुरी पडल्याची ती खूण. नवख्याला मात्र तें खरें मापच वाटतें. मी तर डावीकडे एक घर नेहमीं जास्तच ठेवीन.

उजवीकडे किती ठेवावींत? दोन घरें दाखविलीं तर शेवटच्या आंकड्यांत आठ मोजण्या दडतात. तीन दाखविलीं तर प्रत्येक मोजणी दिसूं लागते, आणि स्थिर उभें असलेलें टेबलहि एखाद्या मोजणीनें मागेंपुढें होत असल्यामुळें शेवटचा आंकडा सारखा लुकलुकतो. कारागिराला दोन घरें द्यावींत. तिसरें यंत्र दुरुस्त करणाराच्या पडद्यावर असूं द्यावें.