गाडीची काच आणि आपली फिर्याद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात लांजा येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, विद्यार्थी सहायक निधी असे भारदस्त विषय मांडले गेले. यंदा चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, “मोटारीची काच फोडून होणारी चोरी.” ते हसले. परंतु मुंबई-गोवा महामार्ग आपल्या लांज्यातूनच जातो. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर मंडळी आता एस.टी.पेक्षा स्वतःच्या गाडीनेच अधिक येतात. वर्षाची बचत, घरातले दागिने आणि मुलांचे कपडे एकाच वेळी रस्त्यावर असतात असे हे दोन सण. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे, असे मला वाटते.

मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. परंतु एका प्रसंगाने मला कायद्याची पुस्तके वाचावयास लावली. तो प्रसंग प्रथम सांगतो, कारण त्यात दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

काही वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या भाचीचे लग्न होते. कार्यालय तालुक्याबाहेर, महामार्गालगत. पुतण्याची मोटार कुंपणाबाहेर आंब्याच्या सावलीत उभी होती. रुखवताच्या टोपल्या आत नेण्याच्या गडबडीत धाकट्या बहिणीची पिशवी मागच्या आसनावर राहिली. तिच्यात आमच्या आईच्या पाटल्या होत्या. पाव तासाने परत येऊन पाहतो तो मागची काच फुटून तिचा चुरा आसनावर पडलेला, आणि पिशवी नाही.

जवळच एक फुगेवाला उभा होता. कपडे मळके, बोली परकी. माझ्याच तोंडून शब्द गेला, “धरा त्याला!” चार तरुणांनी त्याला धरले, एकाने हातही उगारला. तो इतकेच म्हणाला, “साहेब, झोळी बघून घ्या.” झोळीत फुगे, हवा भरण्याचा पंप आणि लहान मुलाचा एक सदरा निघाला. तरुणांनी त्याला सोडले. मी त्याची क्षमा मागावयास हवी होती; मी मान वळवून आत गेलो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक पोलीस ठाण्यात झाली. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले, पण म्हणाले, “चोर सापडणे कठीण, सापडला तरी चार दिवसांत जामिनावर सुटतो. पाटल्या गहाळ झाल्या असे लिहून द्या, म्हणजे तुम्हांला खेटे नकोत.” बहीणही म्हणाली, “दादा, लग्नघरात आज पोलीस नकोत.” मी ‘गहाळ’ हा शब्द माझ्या वळणदार अक्षरात लिहिला आणि खाली सही केली. काही महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात चोरांची टोळी पकडली गेली आणि तिच्याजवळ जुन्या घडणीचे दागिने मिळाले, असे कानी आले. आम्ही धावलो. तेथे उत्तर मिळाले, “आमच्याकडचा मुद्देमाल चोरीचा आहे. तुमच्या कागदावर चोरी नाही, गहाळ आहे. गुन्हाच नोंदलेला नाही, तर दागिने दाखवावयाचे कशाच्या आधारे?” त्यांत आईच्या पाटल्या होत्या की नव्हत्या, हे आम्हांला कधीच कळले नाही. ज्या हाताने मी मुलांना शब्द जपून वापरावयास शिकविले, त्याच हाताने लिहिलेल्या एका शब्दाने ती वाट बंद झाली.

सज्जनहो, तेव्हा मी संतापलो होतो. आपल्यापैकी अनेकांसारखा मीही म्हणत असे, की कायदा नरम झाला आहे, चोराला भय उरलेले नाही. या तक्रारीत तथ्य किती, ते पाहू.

१८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्यायसंहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्येही ती मुदत तीन वर्षेच आहे. मात्र चोरीस गेलेली वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे. कोवळ्या वयाच्या पहिलटकराला तुरुंगातील सराईतांच्या संगतीपासून वाचविणे हा विचार मला शिक्षक या नात्याने पटतो. न पटणारी गोष्ट निराळी आहे. अशी पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र मानली गेली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. मोटारवाल्याचे चार हजार आणि मोलकरणीचे चार हजार सारखे नव्हेत. तिची ती महिन्याची चूल असते. येथे आपली नाराजी रास्त आहे आणि ती आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत गेली पाहिजे.

परंतु त्याच संहितेचे कलम ३०५ वाचले म्हणजे उलट बाजू दिसते. माल किंवा प्रवासी नेण्या-आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणे याला तेथे सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जुन्या संहितेच्या कलम ३८० मध्ये घर, तंबू व जहाज यांचा उल्लेख होता, रस्त्यावरच्या वाहनाचा नव्हता. तेव्हा वस्तू नुसती ‘गेली’ असे न लिहिता ‘गाडीची काच फोडून गाडीतून चोरली’ असे स्पष्ट लिहिणे किती मोलाचे आहे, हे ध्यानी घ्यावे.

जामिनाचेही तसेच. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. आपल्याला हे सौम्य वाटते. परंतु २०२२ सालाच्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी असे होते, की ज्यांचा खटला अद्याप संपलेला नव्हता. ज्याला वकील नाही आणि जामीनदार नाही, तो आत राहतो. टोळीचा म्होरक्या बाहेर फिरतो. हे सर्वांवर सारखे सौम्य नाही आणि सर्वांवर सारखे कठोरही नाही.

मग कठोर शिक्षेने चोरी थांबते काय? इंग्लंडात खिसेकापूला फाशी देण्याचा कायदा १८०८ सालापर्यंत होता, तरी खिसे कापले जातच होते. इटलीतील विचारवंत बेक्कारिया याने १७६४ सालीच लिहून ठेवले, की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाने गुन्ह्याला आळा बसतो. शाळेत माझा अनुभव हाच. ज्या गुरुजींची छडी मोठी, पण नजर वहीत, त्यांच्या वर्गात पेन्सिली हरवत. ज्यांची नजर वर्गावर, त्यांना छडी लागत नसे. चोराला सात वर्षांचे भय वाटत नाही, कारण आपली चोरी कागदावर येणारच नाही अशी त्याला खात्री असते. ती खात्री त्याला कोण देतो? काही अंशी पोलीस, पण पुष्कळ अंशी आपणच.

म्हणून माझे पहिले सांगणे, की फिर्याद द्यावी आणि चोरीला चोरीच म्हणावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली दिला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर दुसऱ्या ठाण्यात देता येते. चोरी पनवेलला झाली आणि लक्षात आली लांज्यात, तरी परत पनवेल गाठण्याचे कारण नाही. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज धाडता येतो, त्यापुढे दंडाधिकारी आहेत. तपास कोठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविण्याची तरतूदही तीत आहे. हे हक्क ठाऊक असले म्हणजे कोणाशी वाद घालावा लागत नाही. नम्रपणे उभे राहता येते.

काच फुटली तर गाडीस हात लावू नये, प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि ११२ क्रमांकावर कळवावे. पंच होण्यास वा साक्ष देण्यास आपण काचकूच करतो. “मला कशाला कोर्टात?” हे वाक्य आपल्या प्रत्येक वाडीत ऐकू येते. ज्या गावात साक्षीदार मिळत नाही, त्या गावात चोराला निराळ्या वकिलाची गरज काय?

दुसरे सांगणे सावधगिरीचे. मोटारीच्या बाजूची काच एका नेमक्या आघातात चुरा होते. पुढच्या काचेप्रमाणे तिच्यात सहसा चिकट पापुद्रा नसतो. तेव्हा काचेवर विसंबू नये. आसनावर पिशवी, भ्रमणध्वनी, संगणकाची बॅग काही दिसू देऊ नये. रिकामी पिशवीसुद्धा नको, कारण ती रिकामी आहे हे चोराला काच फोडल्यावरच कळते. सामान डिकीत ठेवावयाचे तर निघतानाच ठेवावे. मुक्कामावर उतरून सर्वांदेखत ठेवू नये. दागिने मात्र डिकीतही नकोत, अंगावर वा हाती असावेत. किल्लीची कळ दाबली म्हणजे गाडी बंद झाली असे न मानता दाराची मूठ ओढून पाहावी. “गाडीखाली तेल गळते आहे”, “तुमच्या नोटा पडल्या” असे कोणी सांगितले, तर उतरण्यापूर्वी बाकीची दारे बंद करावीत. एक जण बोलण्यात गुंतवितो आणि दुसरा पलीकडचे दार उघडतो.

हीच गोष्ट दुचाकीची. काजूचे वा आंब्याचे पैसे बँकेतून काढून डिकीत ठेवावयाचे आणि वाटेत चहाला थांबावयाचे, ही सवय घातक आहे. पाळत बँकेच्या दारापासूनच असते. रोकड काढली की सरळ घर गाठावे आणि शक्य तर सोबत कोणी असावे.

दागिन्यांची छायाचित्रे, सराफाच्या पावत्या आणि भ्रमणध्वनीचा पंधरा आकडी ओळखक्रमांक घरी एका वहीत ठेवावा. त्या क्रमांकावरून चोरीचा भ्रमणध्वनी बंद पाडण्याची सोय २०२३ पासून देशभर झाली आहे. आणि एक लक्षात असू द्या, मोटारीचा नेहमीचा विमा गाडीचा असतो, तिच्यातील पाटल्यांचा नसतो. कोणी रस्त्याकडेला निम्म्या किमतीत भ्रमणध्वनी वा गाडीची बॅटरी देऊ लागला, तर ती घेणारा हा चोराचा भागीदारच होय.

तिसरे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संतापाच्या भरात कोणावर हात टाकू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक यांचे प्राण गेले. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या; तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला, मनांतून अद्याप नाही. माझ्या मनातूनही नव्हता, हे त्या फुगेवाल्याने मला दाखविले. आपण येथे ज्ञाती म्हणून एकत्र आलो आहोत, म्हणूनच हे येथे बोलले पाहिजे: चोराला ज्ञाती नसते. दुसऱ्याच्या जन्मावरून त्याची झडती घेणाऱ्यास न्याय मागण्याचा अधिकार उरत नाही.

मंडळास माझी विनंती थोडक्यात अशी. आपल्या मेळाव्यांत व विवाहसमारंभांत वाहनतळावर दोन-दोन तरुणांनी पाळीने उभे राहावे. गणपती आटोपून घर बंद करताना शेजारी व पोलीस पाटील यांना सांगून जाण्याची प्रथा पाडावी. आणि कोणा कुटुंबाकडे चोरी झाली, तर मंडळाच्या दोन जाणत्या सभासदांनी त्यांच्यासोबत ठाण्यात जावे. भांडण्यासाठी नव्हे, घाबरलेल्या माणसाच्या हातून ‘गहाळ’ हा शब्द लिहिला जाऊ नये, एवढ्यासाठी.

आईच्या पाटल्या परत येणार नाहीत. तो फुगेवालाही मला पुन्हा भेटला नाही. त्याची क्षमा आज आपणां सर्वांसमक्ष मागतो.