कुंचल्याचा धनी कोण?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप ह्यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकावर अक्षरे व चित्रे काढताना लागणाऱ्या ब्रशाविषयी. आणि तोही तयार मिळणारा ब्रश नव्हे, आपल्या हाताने घडविलेला ब्रश. विषय ऐकून काही मंडळींनी आम्हांला विचारले की, ह्यात कामगारांचा प्रश्न कोठे आला? आमचे उत्तर असे की, जेथे अवजार आहे तेथे कामगार आहे. आणि अवजार कोणी घडविले व ते कोणाच्या ताब्यात राहिले, हा तर कामगारांचा सर्वांत जुना प्रश्न आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पूर्णा, कोणत्याही गावच्या बाजारपेठेत पूर्वी पाट्या रंगविणारे पेंटर असत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, घरचे बोलणे मराठीत आणि रेल्वेच्या फलकावर इंग्रजी. त्यामुळे एकाच पाटीवर तीन लिप्या लिहिण्याची वहिवाट येथे पडली आणि ती राज्य गेल्यावरही टिकली. उर्दू उजवीकडून चालते, मराठी डावीकडून. एक लिपी ओळीवर उतरत बसते, दुसरी शिरोरेषेला लटकते. ही तिन्ही वळणे ज्या हातात होती तो हात शाळेत घडलेला नव्हता. उस्तादाच्या हाताखाली रंग कालवीत आणि ब्रश धूत तो घडला. बाजारातला ब्रश पेंटर जसाच्या तसा वापरीत नसे. त्याचे केस पात्याने छाटून, आपल्या मुठीला आणि आपल्या वळणाला जमेल असा तो करून घेई. म्हणजे स्वतःचा ब्रश स्वतः घडविणे ही गोष्ट संगणकाबरोबर आलेली नाही. ती आपल्याकडे होतीच.

पुढे फ्लेक्स आला. जे काम चार दिवसांचे ते तासाभराचे झाले. पेंटरांपैकी कोणी भिंती रंगवू लागले, कोणी शेतावर परतले, आणि त्यांची मुले डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर म्हणून बसली. आज वाढदिवसाच्या फलकापासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत जे अक्षर आपल्या डोळ्यांपुढे येते, ते ह्या मुलांच्या हातून येते. आम्ही ज्यांच्यासाठी बोलतो ते हे कामगार. दोन-चार माणसांच्या दुकानाला कामगार कायद्याची बरीच कलमे लागूच होत नाहीत; म्हणून त्यांच्या बाबतीत कौशल्य हीच पुंजी आणि कौशल्य हाच आधार.

आता हे यंत्र रेषा कशी सांभाळते ते पाहू, कारण ते कळल्यावाचून पुढचे सारे अधांतरी राहील. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ती ताणली की ठिपके उघडे पडतात. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप ह्यांसारख्या कार्यक्रमांत ठिपके नसतात. तेथे रेषेची दोन टोके, आणि ती कोणत्या बाजूला किती झुकते हे सांगणारे दांडे, एवढेच टिपून ठेवलेले असते. आपले ऑपरेटर टोकांना ‘नोड’ म्हणतात. रेषा आकड्यांत असल्यामुळे तेच अक्षर लग्नपत्रिकेवरही स्वच्छ उमटते आणि चाळीस फुटी फलकावरही. ह्या पद्धतीलाच व्हेक्टर म्हणतात.

ह्या वक्ररेषेचा जन्म मोटारींच्या कारखान्यात झाला, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. मोटारीच्या पत्र्याचे वळण अचूक सांगता यावे म्हणून फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो ह्यांनी १९५९ मध्ये हे गणित बसविले. कारखान्याने ते गुपित ठेवले. पुढे रेनॉ कारखान्यातील पियेर बेझिए ह्यांनी तेच काम आपल्या वाटेने केले आणि ते प्रसिद्धही केले. म्हणून आज जगभर त्या रेषेला बेझिएची वक्ररेषा म्हणतात. बेझिएंचे श्रेय आम्ही कमी लेखत नाही. पण काम मालकाच्या कपाटात बंद राहिले म्हणजे कर्त्याचे नाव मागे पडते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आता ब्रश घडविण्याची रीत. ती अवघड नाही. पण नेटकेपणा मागते. जाड पांढऱ्या कागदावर चपट्या ब्रशाने व काळ्या शाईने एकच फटकारा ओढावयाचा. पहिलाच फटकारा साधत नाही. वीस-पंचवीस ओढावे आणि त्यांतला जिवंत निवडावा. तो स्कॅन करून कार्यक्रमात त्याची बाह्यरेषा काढून घ्यावी. यंत्र अशा वेळी शेकडो नोड टाकते. त्यांतले निरुपयोगी हाताने काढून टाकावे. मात्र टोकाशी केस फुटल्याच्या खुणा दिसतात त्या ठेवाव्या, कारण हाताची ओळख तेथेच असते. मग तो आकार आडवा ठेवून इलस्ट्रेटरमध्ये ब्रशांच्या चौकटीत ओढून टाकला आणि ‘आर्ट ब्रश’ हा प्रकार निवडला की झाले. कोरलड्रॉमध्ये हेच काम ‘आर्टिस्टिक मीडिया’ ह्या अवजारात होते. इंकस्केपमध्ये आकाराची नक्कल घेऊन पेन्सिलीला ‘क्लिपबोर्डवरचा आकार’ वापरावयास सांगितले की, ओढलेली रेषा त्या आकाराची होऊन उमटते.

येथे एक खाच आहे. यंत्र आपला फटकारा रबरासारखा ताणते. आखूड फटकारा लांब शिरोरेषेवर बसविला की त्याची टोके ओघळल्यासारखी दिसतात. लांब फटकारा लहानशा वेलांटीवर कोंबला की तो चुरगळतो. इलस्ट्रेटरमध्ये दोन खुणा ठेवून ‘फक्त मधला भाग ताण, टोके तशीच ठेव’ असे सांगण्याची सोय आहे. ती अवश्य वापरावी. पण खरा उपाय जुन्या पेंटरांचाच. त्यांच्या डब्यात एकच ब्रश कधी नसे. शिरोरेषेसाठी लांब, कान्यासाठी मध्यम, वेलांटी-उकारासाठी निमुळता आणि अनुस्वारासाठी वेगळा टिंबाचा आकार, असा किमान चार ब्रशांचा संच करावा. कान्याचे तर दोन-तीन प्रकार ठेवावे. हाताने काढलेले दोन काने कधीही तंतोतंत सारखे येत नाहीत; यंत्राचे येतात, आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी डोळ्याला ते खटकते. शेवटी छपाईला फाईल देण्यापूर्वी ब्रशाच्या रेषांचे साधे आकार करून द्यावे, नाहीतर दुसऱ्या संगणकावर वळण बिघडण्याचा धोका असतो.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट कोनाची आहे. पाटीवर बोरूने कित्ता गिरविणाऱ्या पिढीला ती सांगावी लागत नसे. देवनागरीचा बोरू असा तासतात की, उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी तिरकी रेषा जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन लिपीच्या रुंद टाकाचे ह्याच्या नेमके उलट. आता इंकस्केपमधील सुलेखनाचा टाक उघडा. त्याचा कोन सुरुवातीला ३० अंशांवर ठेवलेला असतो. तो रोमन अक्षरांना मानवतो. तसाच ठेवून मराठी लिहिले की जाडीच्या जागी बारीक आणि बारीकच्या जागी जाड येते. अक्षर वाचता येते, पण ते परक्या घरचे वाटते. कोनाचा आकडा शून्याच्या खाली, म्हणजे उणे बाजूला नेला की बोरूची तासणी परत मिळते. एक आकडा बदलावयाचा, एवढेच काम. पण तो बदलावयाचा असतो हे ठाऊक असणारा माणूस लागतो. यंत्र वाईट नाही. ते ज्यांनी बांधले त्यांच्या हाताच्या मापाचे आहे. गिरणीतही यंत्र दुसऱ्याच्या उंचीचे आले की आमचे लोक पायाखाली फळी घेत. तशी ही फळी आपण आपली घातली पाहिजे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांच्यासारख्यांनी आपल्या अक्षरांना संगणकात सन्मानाने बसविण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या कामाची पुढची पायरी ही आपल्या गावच्या दुकानात आहे.

आता मालकीचा प्रश्न. ब्रश ही फाईल आहे. एकदा केलेला फटकारा हजार वेळा वापरता येतो, आणि तो ओढणारा हात तेथे हजर असावा लागत नाही. हात घरी बसला तरी रेषा कामावर जाते. उर्दूचा दाखला घ्या. मिर्झा अहमद जमील ह्यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक यंत्रात बसविले गेले आणि १९८१ मध्ये पाकिस्तानात त्यावर ‘जंग’ हे दैनिक निघू लागले. एका हाताचे वळण यंत्रात गेले, आणि रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्या कातिबांचा धंदा पुढे ओसरत गेला. त्या अक्षराला निदान कर्त्याच्या घराण्याचे नाव आहे. आपल्या पेंटरांचे काय?

ह्याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) ह्यांनी पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांची अक्षरे संगणकात आणण्याचे काम हाती घेतले. त्या अक्षरांना पेंटरांचीच नावे दिली आणि विक्रीतला हिस्सा पेंटरांना देण्याची पद्धत ठेवली. म्हणजे हे होऊ शकते. कौशल्य यंत्रात गेले म्हणून माणूस बाहेर पडलाच पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही.

आमच्याकडे आलेले एक गाऱ्हाणे सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका ऑपरेटरने रात्री जागून, वडिलांच्या जुन्या पाट्यांवरून ब्रशांचा संच केला. तो दुकानाच्या संगणकावर राहिला. पगाराच्या वादावरून त्याने नोकरी सोडली तेव्हा फाईल न्यावयास त्याला मनाई झाली. आणि आजही त्या दुकानाच्या फलकांवर त्याच्या वडिलांचा काना उभा आहे. त्याने आम्हांला विचारले, “ह्यात माझे काय?”

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला धनी, उलट करार नसेल तर, मालक ठरतो. पण नोकरीच्या कामाबाहेर, आपल्या वेळात केलेली निर्मिती ही कर्त्याची. १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. आणि ५७ वे कलम सांगते की, हक्क विकल्यानंतरही ‘हे माझे काम’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. एकेका फटकाऱ्यावर न्यायालय काय म्हणेल ही वकिलांची बाब झाली. पण भांडणात कागद आणि तारीख ज्याच्याकडे असते त्याची बाजू उभी राहते, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

म्हणून आमचे सांगणे चार गोष्टींचे आहे. पहिली, मूळ कागद जपा. ज्या कागदावर फटकारा ओढला त्याच्या मागे नाव व तारीख घाला. दुसरी, ब्रशाची एक प्रत एसव्हीजी ह्या खुल्या प्रकारात स्वतःजवळ ठेवा. भाड्याने घेतलेल्या कार्यक्रमाचे भाडे थकले की आपलेच काम आपल्याला उघडत नाही. इंकस्केप फुकट आहे आणि त्याचे मूळ रूपच एसव्हीजी आहे. तिसरी, नोकरीला लागताना एका ओळीचा कागद करून घ्या, की मी आणलेले व माझ्या वेळात केलेले ब्रश माझे. दुकानाला नोकरी आहे तोवर वापराची मुभा. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी: गावोगावचे जुने पेंटर अजून आहेत. त्यांचे हात कापू लागण्यापूर्वी त्यांच्यापुढे शाई आणि कागद ठेवा. म्हाताऱ्याने फटकारे ओढावे, पोराने ते यंत्रात बसवावे, आणि त्या संचावर दोघांची नावे असावी. मराठीचा, उर्दूचा आणि इंग्रजीचा असा तिन्ही वळणांचा संच करणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत.

कोणी म्हणेल, फलकावरच्या रेषेचे एवढे काय घेऊन बसलात? फलक तर आठवड्याने उतरतो. खरे आहे, फलक उतरतो. पण रेषा फाईलमध्ये राहते, उद्याच्या फलकावर चढते, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी पैसे मिळवून देते. ते पैसे कोणाला मिळावे, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवला. ह्या सभेत काही पेंटर आहेत आणि काही ऑपरेटरही आहेत. सभा संपल्यावर त्यांनी एकमेकांची ओळख करून घेतल्यावाचून घरी जाऊ नये, अशी आमची विनंती आहे.