दोन कणांमधला तिसरा

न्यूटनने 1687 साली गुरुत्वाकर्षणाचा जो नियम मांडला, त्यात सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यान पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर असूनही एकाच्या ओढीची दुसऱ्याकडून तामील होण्यास निमिषमात्र काळ लागत नाही असे गृहीत होते. मधल्या रित्या अवकाशातून असे घडावे, हे खुद्द न्यूटनलाही पटलेले नव्हते. कोणताही परिणाम प्रकाशाहून अधिक वेगाने जाऊ शकत नाही, आणि दूरच्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही याविषयी निरीक्षकांचे एकमतही होत नाही, हे 1905 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निष्पन्न झाले आणि तो जुना करार रद्दबातल ठरला.

समजा, दोन विद्युद्भारित कण परस्परांपासून तीन लाख किलोमीटरांवर स्थिर आहेत. पहिल्यास हिसका दिला, तर त्याची जागा बदलताक्षणी त्याच्यावरील बल बदलते; दुसऱ्यावरील बल मात्र पुरता एक सेकंद पूर्ववत राहते, कारण बातमी प्रकाशाच्याच वेगाने येणार. क्रिया आणि प्रतिक्रिया यांची बरोबरी मोडली. मग संवेगाचा जमाखर्च जुळावा कसा? तो जुळतो, पण दोन कणांखेरीज मधल्या विद्युत्-चुंबकीय क्षेत्राचे तिसरे खाते उघडल्यावरच. रेडिओवरचे भाषण ज्या तरंगांवरून आपल्यापर्यंत येते, तेही त्याच खात्यातले.

वेग अल्प असतील तर हे खाते काही अंशी झाकता येते, हे उत्क्रांतिवादी डार्विनचे नातू सी. जी. डार्विन यांनी 1920 मध्ये दाखविले. कायमचे झाकण्याचा मार्ग मात्र बिकट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पूर्वी काम केलेले सुदर्शन यांनी करी व जॉर्डन यांच्यासह 1963 मध्ये सिद्ध केले की, कणांची स्थाने यामिकीतील हॅमिल्टनच्या रूढ पद्धतीने मांडून त्यांचे मार्ग सर्व निरीक्षकांना सारखेच मान्य असावेत असा आग्रह धरला, तर दोन्ही कण सरळ रेषेत एकसमान वेगानेच जात राहतात, म्हणजे परस्परांवर काहीच परिणाम करीत नाहीत!

भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर आणि फाइनमन यांनी 1945 मध्ये वेगळी वाट धरली होती: क्षेत्रच नको, परंतु प्रत्येक कणाचा प्रभाव निम्मा भविष्याकडे व निम्मा भूतकाळाकडे जावा, आणि विश्वातील यच्चयावत द्रव्याने त्यास प्रत्युत्तर द्यावे. एका क्षेत्राच्या बचतीसाठी ही किंमत मला जबर वाटते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांना ती तशी वाटली नाही, आणि प्रसरणशील विश्वात ते प्रत्युत्तर पुरे पडते का, याचा हिशेब मांडून त्यांनी गुरुत्वाकर्षणालाही त्याच धाटणीत बसविले.