बाँडवर सही करण्यापूर्वी



सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरसोबत बऱ्याचदा एक बाँड येतो. 'कंपनी तुम्हाला ट्रेनिंग देईल. दोन वर्षांच्या आत सोडलंत, तर इतके पैसे भरा.' आपल्यातले अनेकजण घरातले पहिले पदवीधर. घरी विचारायला कुणी नसतं, म्हणून न वाचताच सही होते.

कंपनीची बाजू आधी समजून घेऊ. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात एक महत्त्वाचा फरक मांडला. काही कौशल्यं त्या एकाच कंपनीत उपयोगी पडतात, काही कुठेही चालतात. जावा शिकलेली मुलगी उद्या शेजारच्या कंपनीत जाऊ शकते. मालकाची भीती खोटी नाही. पण बेकर पुढे असंही सांगतात की कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च शेवटी शिकणाराच सोसतो, शिकतानाच्या कमी पगारातून. मग कमी पगारावर राबायचं आणि वर बाँडचे पैसेही भरायचे, ही दुहेरी वसुली झाली.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २७ सांगतं की धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. हे ऐकून 'बाँड म्हणजे नुसता कागद' असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये. दुसरीकडे कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई.

म्हणून सहीपूर्वी विचारा: ट्रेनिंग किती दिवसांचं? खर्च किती? जसजसे महिने भरतील, तशी रक्कम कमी होणार का? मूळ प्रमाणपत्रं दाखवा आणि परत घ्या; ठेवून देऊ नका.

आता गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात उस्तादाकडे शिकणाऱ्या आपल्या भावांविषयी. हातात हुनर असतं, पण कागद नसतो. उस्ताद बदलला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ यासाठीच आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. विद्यावेतन मिळतं, परीक्षा दिली की प्रमाणपत्रही. नंतर नोकरी देण्याचं सर्वसाधारण बंधन मात्र मालकावर नाही, हे लक्षात ठेवा.

चांगलं ट्रेनिंग मालकालाही हवंच असतं. चुका कमी होतात, माणूस टिकतो. पण माणूस टिकतो तो पगार, मान आणि पुढची संधी यांमुळे. भीतीने थांबलेला माणूस फक्त दिवस मोजतो.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे ऑफर लेटर आहे त्यांनी ते घेऊन या. आपण मिळून एकेक कलम वाचू, आणि सही त्यानंतर करा.