शाडूला जागा लागते

हेडफोन लावलेत? आजचा विषय गणपतीचा आहे, पण आपण बोलणार आहोत मूर्ती जिथे घडते त्या जागेबद्दल.

दरवर्षी आपण एकमेकांना सांगतो, 'पीओपी नको, शाडूची घ्या.' केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पीओपीला मनाई केली होती. मीही शाडूच्याच बाजूचा. पण आपण असं बोलतो, जणू मूर्तिकारानं फक्त गोणी बदलायची. खरं तर माल बदलला की अख्खा कारखाना बदलावा लागतो.

कसा ते बघा. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी घातलं की रासायनिक क्रिया होऊन ते साधारण अर्ध्या तासात घट्ट होतं. मूर्ती साच्यातून बाहेर, साचा पुढच्या मूर्तीला मोकळा. आतून पोकळ, काथ्याचा आधार, वजनाला हलकी.

शाडूला मात्र सुकावं लागतं, तेही सावकाश. कडक उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आकसतो, आतली माती ओलीच राहते आणि तडा जातो. म्हणजे सावली हवी, वारा खेळता हवा. त्यात कोकणातला पावसाळा, हवाच ओली! म्हणून बरंच काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकावं लागतं आणि तयार मूर्ती पुढे कित्येक आठवडे सांभाळाव्या लागतात. मूर्ती जड आणि नाजूक, त्यामुळे फळ्या मजबूत हव्यात, मधली वाट रुंद हवी. रंगाचा फवारा मारायला वेगळा कोपरा, आणि डोळ्यांच्या आखणीला चांगला उजेड.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतोय, सॉरी! आमच्याकडे 'लिटल्स लॉ' नावाचा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. सर्व्हरवरच्या रिक्वेस्ट मोजायला आम्ही वापरतो, पण गणपतीलाही तो तसाच लागू पडतो: रोज किती येतात गुणिले प्रत्येक जण किती दिवस थांबतो, म्हणजे आत किती आहेत.

समजा, एक कारखाना रोज २० मूर्ती काढतो. प्रत्येक मूर्ती फळीवर २ दिवस थांबली तर ४० मूर्तींची जागा पुरते. १० दिवस थांबली तर २०० ची लागते. माणसं तीच, मेहनत तीच, जागा पाचपट! आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेब खरा आहे. मग भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्यानं काय करायचं? एकतर जास्त भाडं भरायचं, नाहीतर मूर्ती कमी करायच्या.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत मुंबई महापालिकेनं मूर्तिकारांना मोफत शाडू दिली, त्यासोबत मंडपासाठी जागाही दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसती माती देऊन भागत नाही. पेण, हमरापूरसारख्या ठिकाणी तर अख्खी गावं या धंद्यावर उभी आहेत. तिथे सावलीची, कोरडी, सामाईक शेड म्हणजे थेट पोटापाण्याचा प्रश्न.

आपण काय करू शकतो? शाडूची मूर्ती हवी असेल तर शेवटच्या आठवड्यात घासाघीस करू नका. उन्हाळ्यातच बुकिंग करा, थोडा ॲडव्हान्स द्या. मूर्ती लहान घ्या. आणि 'शाडूची एवढी महाग का?' असं विचारण्याआधी आठवा, त्या किमतीत फळीवरच्या जागेचं भाडंही आहे.

तुमच्या ओळखीत कुणी मूर्तिकार असतील तर त्यांना विचारा, जागेचं कसं जमवता? उत्तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!