दोन गाड्या बघितल्या, एक घेतली

आम्ही दोघी जावा, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावच्या. जुनी गाडी घ्यायच्या आधी आम्ही काय काय बघितलं, ते आज सांगायला बसलोय. गाडीतलं आपल्याला काय कळतंय, असं आम्हालाही वाटायचं.

गाडी हौसेची नव्हती. आमच्या मामंजींचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मिरजेला. भाड्याची गाडी एका खेपेला १२०० रुपये घेते, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर. त्यात लग्नसराई आली की गाडीवाला फोनच उचलत नाही. एकदा त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून न्यावं लागलं. त्या दिवशी ठरवलं. दुधाचे साठवलेले आणि गटातून उचललेले मिळून तीन लाख जमले.

दोन गाड्या समोर आल्या. एक हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात होती. पांढरी डिझेल सेडान, २०१७ ची, ४८ हजार किलोमीटर चाललेली, किंमत तीन लाख. आरशासारखी चकाचक. दुसरी शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींची वॅगन आर, पेट्रोलवरची, २०१४ ची, ९१ हजार चाललेली. मागच्या दाराला पोचा, रंग उडालेला. ते दोन लाख तीस हजार म्हणत होते.

आमचे दोघींचे कारभारी पांढरीवर भाळले. नवी आहे, कमी चाललीय, डिझेल स्वस्त पडतंय. बोलणं चुकीचं नव्हतं. कागदावर तीच सरस होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे पांढरी २०३२ पर्यंत, वॅगन आर २०२९ पर्यंतच. त्यानंतर पुन्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते.

आम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलो. अत्तराचा वास इतका, की डोकं दुखायला लागलं. आता एवढं अत्तर कशाला? थोरलीनं खाली वाकून नव्या मॅटखाली हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. तो वास आम्ही विसरणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर महिनाभर गाळ काढला, गाद्या फेकल्या, ट्रंका घासल्या. पुराचा वास फिनेलनं जात नाही, अत्तरानंही जात नाही.

मग आम्ही गाडीच धुंडाळली. सीटबेल्ट एरवी जेवढा ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची आडवी रेघ. सीट ज्या पट्ट्यांवर मागेपुढे सरकते, त्यांना गंज. डिकीत स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, आमच्या अंगणातल्यासारखाच बारीक. पुढच्या एका दिव्याच्या काचेला आतून धुकं. आणि किलोमीटर ४८ हजार म्हणताना ब्रेकच्या पायाखालचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. एवढ्याशा चालण्यानं ते इतकं झिजत नाही.

दुकानदाराला विचारलं. तो हसला. “वहिनी, पाणी काय, सगळ्यांच्याच घरात आलं होतं.”

तुम्ही म्हणाल, गाडी चालत होती ना? चालतच होती. पाण्यात राहिलेल्या गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही. वायरींच्या जोडांना आतून गंज चढत जातो, मग एके दिवशी सेन्सर बंद पडतो, कधी काच खाली होत नाही, कधी गाडीच सुरू होत नाही. एअरबॅग ऐन वेळी उघडेल याचीही खात्री नाही. आमच्या घरात हे डायलिसिसच्या दिवशी झालं, तर काय करायचं?

गुरुजींची गाडी बघायला सकाळी लवकर गेलो, इंजिन थंड असतानाच. आधीच गरम केलेली गाडी सुरू होण्यातला त्रास लपवते. लगेच सुरू झाली. सर्व्हिसिंगची पुस्तिका होती, किलोमीटर ओळीनं वाढत गेलेले. टायरवर चार आकडे असतात ते वाचले. ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा. यांचे दोन टायर २०१६ चे निघाले. क्लच जड होता. ओळखीच्या मेस्त्रींना पाचशे रुपये देऊन बोलावलं, त्यांनी क्लच आणि टायरचा खर्च काढला आणि त्या हिशेबावर गुरुजी दोन लाख पाच हजारांवर आले. भाव करताना कारभारी गप्प होते, हे सांगायलाच हवं.

शेवटी मामंजींना आणून बसवून बघितलं. हे आधीच करायला हवं होतं. वॅगन आरची बैठक उंच, गुडघे न वाकवता सरळ बसता येतं. सेडानमध्ये त्यांना खाली घसरावं लागलं असतं, आणि डायलिसिसनंतर त्यांच्यात उठायची ताकद नसते.

कागदाचं थोडक्यात. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. थकलेले चलान एमपरिवहन ॲपवर दिसतात. गुरुजींचं एक होतं, त्यांनी आमच्यासमोर भरलं. गाडी कुणाच्या नावावर, यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. दूध आमचं, गट आमचा, म्हणून थोरलीच्या नावावर झाली.

क्लचला साडेसहा हजार गेले. धाकटी शिकाऊ लायसन्सवर गावातल्या गावात चालवते. मिरजेला अजून भाऊजीच नेतात.

ती पांढरी गाडी आठ दिवसांत दुकानातून गेली. कुणी नेली, कळलं नाही. तुमच्या गावात कुणी अलीकडे अशी अत्तराच्या वासाची गाडी आणली असेल, तर त्यांना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला सांगा.