ग्रहांनी दिलेला वेग



बक्षिसं मिळवणाऱ्यांचं मनापासून अभिनंदन. आज मी तुम्हाला दोन विद्यार्थ्यांची गोष्ट सांगणार आहे.

1961 मध्ये मायकल मिनोविच हा पदव्युत्तर विद्यार्थी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत उन्हाळी कामाला होता. ग्रहाजवळून जाणाऱ्या यानाचा मार्ग कसा वळतो, याचं गणित तो मांडत होता. ग्रहावरून पाहिलं तर यान ज्या वेगानं येतं त्याच वेगानं दूर जातं, फक्त दिशा बदलते. पण ग्रह स्वतः सूर्याभोवती धावतोय! गुरूचा वेग सेकंदाला सुमारे 13 किलोमीटर. फलंदाजानं बॅट पुढे आणून फटका मारला की चेंडू आला त्याहून जोरात जातो, तसाच या ग्रहाच्या गतीचा वाटा यानाला मिळतो. ग्रहाच्या मागच्या बाजूनं गेलं तर सूर्याच्या हिशेबात यानाचा वेग वाढतो, पुढच्या बाजूनं गेलं तर कमी होतो. 1974 मध्ये मरिनर 10 या यानानं शुक्राजवळून जाताना वेग असाच कमी केला, म्हणून ते बुधापर्यंत पोहोचलं.

1965 मध्ये त्याच प्रयोगशाळेत गॅरी फ्लँड्रो या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा जागी येतील की एकच यान चौघांना भेटू शकेल. असा योग सुमारे 175 वर्षांनी येतो. 20 ऑगस्ट 1977 ला व्हॉयेजर 2 हे यान निघालं. प्रत्येक ग्रहानं त्याला पुढच्या ग्रहाकडे वळवलं आणि 25 ऑगस्ट 1989 ला ते नेपच्यूनला पोहोचलं. थेट जायला सुमारे 30 वर्षं लागली असती, ते काम 12 वर्षांत झालं.

त्याच्या जोडीच्या व्हॉयेजर 1 या यानासाठीची निवड वेगळी होती. शनीचा उपग्रह टायटन जवळून पाहायचा ठरला. त्या भेटीनंतर यानाचा मार्ग ग्रहांच्या प्रतलाबाहेर वळला आणि पुढे एकही ग्रह भेटला नाही. शास्त्रज्ञांनी ही किंमत आधीच मोजली होती.

मित्रांनो, हे मार्ग यान उडण्याआधी कितीतरी वर्षं गणितात सापडले होते. तुमच्या हातातला छोटा प्रकल्पही तितक्याच निष्ठेनं करा. उत्तर आलं तरी थांबू नका, त्यातून आणखी काय निघतं ते तपासा. आणि कुठला रस्ता धरायचा हे ठरवताना कुठला सुटणार, तेही आधी मांडून बघा.